वाचकांचे प्रश्न : पायाची बोटे आवळून धरण्याची सवय

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या टपालात तीन पत्रे पायाच्या बोटांविषयीची निघाली. तिघांचे वय वेगळे आणि काळजीही वेगळी असली तरी तक्रार वरवर पाहता एकच आहे, म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. नेहमीप्रमाणे नावे आणि गावे वगळली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

प्रश्न : मी ४७ वर्षांची असून एका सहकारी बँकेत रोखपाल आहे. तीन महिन्यांपूर्वी चपलेचा पट्टा तुटला म्हणून ती शिवायला नेली, तेव्हा शिवणाऱ्या काकांनी ती हातात फिरवून पाहिली आणि विचारले, "बाई, तुम्ही चपलेवर उभ्या राहता की तिला धरून लोंबकळता?" आतल्या बाजूला, बोटांची टोके टेकतात तिथे, पाच खळगे पडले होते, करंगळीचा उथळ, तर अंगठ्याचा नखाच्या खुणेसकट खोल. घरी येऊन जुन्या चपला काढून पाहिल्या, तर त्यांतही तेच. तेव्हापासून लक्ष ठेवले आणि थक्क झाले. काउंटरच्या उंच खुर्चीवर बसून रोकड मोजताना, भाजी चिरताना, फोनवर बोलताना, इतकेच काय, अंथरुणाला पाठ टेकल्यावरही माझ्या पायाची बोटे आत मुडपलेली असतात. जोडव्यांच्या शेजारच्या बोटांना घट्टे पडले आहेत, त्याचा दोष आजवर मी जोडव्यांनाच देत होते. संध्याकाळी तळवे आणि पोटऱ्या भरून येतात. लक्षात आले की बोटे सोडते, पण अर्ध्या मिनिटाने पाहावे तर पुन्हा तशीच. यजमान म्हणतात, "तू फार ताण घेतेस." रक्तातील साखर आणि ब१२ जीवनसत्त्व तपासून घेतले, दोन्ही ठीक आहे. हा आजार आहे का? आणि जी गोष्ट आपण करतो आहोत हेच आपल्याला कळत नाही, ती थांबवायची तरी कशी?

उत्तर : पत्रासोबत चपलेचे छायाचित्र पाठवलेत हे फार चांगले केलेत. ते खळगे एका दिवसाचे नाहीत, काही महिन्यांचे आहेत, आणि ते दोन्ही चपलांवर जवळजवळ सारखे आहेत. ही दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. दोन्ही पाय सारखेच वागत आहेत, लक्ष गेले की बोटे तुमच्या इच्छेने सुटतात, सोडल्यावर ती सपाट होतात, आणि पायाला मुंग्या किंवा बधिरपणा नाही; एवढे जमत असेल तर याला आजार म्हणण्याचे कारण नाही. ही सवय आहे. खात्रीसाठी एक सोपी गोष्ट यजमानांवर सोपवा. तुम्ही गाढ झोपल्यावर त्यांनी हलकेच पांघरूण बाजूला करून बोटे पाहावीत. सवयीने आवळलेला स्नायू झोपेत बहुधा सैल पडतो. बोटे झोपेतही तशीच मुडपलेली दिसली, किंवा पुढे कधी एकाच पायाला हा त्रास वाढू लागला, बोटे हाताने धरूनही सरळ होईनाशी झाली, तर मात्र मला पुन्हा पत्र लिहीत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता पोटरी का भरून येते ते पाहू. खुर्चीवर बसून उजवा हात पोटरीवर ठेवा आणि पायाची बोटे मुडपा. हाताखाली, खोलवर, काहीतरी घट्ट झालेले कळेल. मग घोट्याच्या आतल्या हाडामागच्या खोबणीत दोन बोटे टेकवून पुन्हा तेच करा. तिथे दोरी ओढल्यासारखी हालचाल लागेल. बोटांची टोके आत ओढणारे लांब स्नायू पावलात नसतातच. ते नडगीच्या मागे, पोटरीत असतात, आणि त्यांच्या कंडरा घोट्याला वळसा घालून तळव्यातून बोटांच्या शेवटच्या हाडांपर्यंत जातात. त्यामुळे दिवसभर बोटे आवळणे म्हणजे दिवसभर पोटरी राबवणे. पावलात २६ हाडे असतात आणि ती आपापल्या जागी थोडी थोडी हलावीत, पाऊल टेकताना किंचित पसरावे, अशी ही रचना आहे. बोटे मुडपलेली राहिली की ते पसरणे राहून जाते आणि सगळा भार बोटांच्या टोकांवर व चवड्यावर येतो. तुमचे घट्टे नेमके तिथेच आहेत. जोडवी निर्दोष आहेत.

माझा अनुभव असा आहे की पायाची बोटे उगाच आवळली जात नाहीत; ती कशाला तरी धरून असतात. त्यांना "सैल सोडा" असे दटावण्यापेक्षा ती काय धरून बसली आहेत ते शोधणे अधिक उपयोगी पडते. तुमच्या बाबतीत मला तीन संशयित दिसतात.

पहिला संशय चपलेवर. मागे पट्टा नसलेली, थोडी सैल चप्पल पायातून निसटू नये म्हणून प्रत्येक पावलाला बोटांनी तिला पकडावे लागते. कोल्हापुरी नवी असताना तिचा अंगठा आणि कान पायाला स्वतःच धरून ठेवतात; वापरून चामडे सैलावले की काम उलटे होते आणि पाय तिला धरू लागतो. पावसाळ्यात ओल्या फरशीवर रबरी सपाता घालून चालणारी माणसे नीट पाहा, सगळ्यांची बोटे पक्ष्याने फांदी धरावी तशी वळलेली दिसतील. काही दिवस घोट्यामागे पट्टा असलेली, पुढे सर्वांत लांब बोटाच्या पलीकडे अंगठ्याच्या रुंदीएवढी मोकळी जागा असलेली चप्पल वापरा. ती संध्याकाळी विकत घ्या, कारण दिवसअखेरीस पाऊल थोडे सुजलेले असते आणि सकाळी बरोबर बसलेली चप्पल तेव्हा आवळते.

दुसरा संशय खुर्चीवर, आणि तो मला सर्वांत बळकट वाटतो. काउंटरच्या उंच खुर्चीवर पाय जमिनीला पुरते टेकत नाहीत. मग ते लोंबकळतात, किंवा खुर्चीच्या खालच्या कड्याला बोटांचा आकडा करून अडकतात, किंवा फक्त बोटांची टोके जमिनीवर आणि टाचा हवेत राहतात. या तिन्ही स्थितींत बोटांना रजा नाही. पायाखाली लाकडी पाट ठेवा. कार्यालयात तो बरा दिसत नसेल तर झेरॉक्सच्या कागदाची दोन रिमे चिकटपट्टीने बांधून ठेवली तरी चालेल. गुडघे साधारण काटकोनात यावेत आणि टाच, अंगठ्याखालचा उंचवटा व करंगळीखालचा उंचवटा असे तीनही बिंदू एकाच वेळी टेकावेत, एवढीच उंची हवी.

तिसरी गोष्ट उभे राहण्याची. आत्ता उभ्या राहा आणि शरीर बोटभर पुढे झुकवा. बोटे तत्काळ जमीन पकडतील, कारण तसे केले नाही तर आपण तोंडावर पडू. आता वजन सावकाश टाचांकडे आणा. बोटे मोकळी होतील, हवी तर तबल्यासारखी वाजवताही येतील. ओट्याशी भाजी चिरताना, विशेषतः ओटा आपल्या उंचीला ठेंगणा किंवा खोल असेल तर, आपण तासभर असे झुकून उभे असतो. तिथे बोटांना "सोड" म्हणणे व्यर्थ आहे, कारण ती आपल्याला सावरत असतात. आधी वजन मागे घ्या, ओट्याजवळ एक पाऊल सरका, मग ती आपोआप सुटतात.

यजमानांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. मन ताणलेले असले की कोणाचे दात आवळतात, कोणाचे खांदे कानाशी जातात, कोणाच्या मुठी वळतात. तुमची बोटे मुडपतात. मी स्वतः दुचाकीवर मागे बसले की उजव्या पायाने अख्खा रस्ताभर नसलेला ब्रेक दाबत असते, आणि उतरल्यावर पोटरी ठणकते तेव्हा ते कळते. परंतु सगळे खापर ताणावर फोडले की दोन तोटे होतात. खुर्ची आणि चप्पल तशीच राहते, आणि ज्या बाईला बोटांची काळजी होती तिला आता "मी ताण का घेते" याचीही काळजी लागते.

आता तुमचा खरा प्रश्न. न कळत होणारी गोष्ट थांबवण्याआधी ती कळावी लागते. नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली नखे खाणे, खांदा उडवणे अशा सवयींसाठी एक पद्धत मांडली, ती आजही वापरली जाते. तिचे दोन मुख्य भाग आहेत. सवय नेमकी केव्हा आणि कशी सुरू होते ते आधी बारकाईने ओळखायचे. आणि ती सुरू झाली की त्याच अवयवाला तिच्याशी न जुळणारे दुसरे काम थोडा वेळ द्यायचे. नुसते "करू नकोस" हे काम नव्हे, ते शरीराला समजत नाही.

म्हणून पहिला आठवडा काहीही सुधारू नका. काउंटरवर एक कागद ठेवा आणि बोटे आवळलेली सापडली की वेळ आणि हातातले काम एवढेच लिहा. "११.२०, मोठी रक्कम मोजताना." "४.४५, रोकड जुळत नव्हती." आठ दिवसांत तुम्हाला तुमचा नकाशा मिळेल. आणखी एक रकाना ठेवा, श्वास. बोटे आवळलेली सापडली त्या क्षणी श्वास चालू होता की रोखलेला होता, ते पाहा. पुष्कळ जणांना तो रोखलेला सापडतो, आणि अशांना बोटांपेक्षा श्वास सोडणे सोपे जाते. तो सुटला की बोटेही मागोमाग येतात.

दुसऱ्या आठवड्यापासून, आवळलेली बोटे सापडली की टाच जड करा. टाचेतून वजन जमिनीत उतरू द्या आणि बोटे पुढच्या बाजूला लांब होऊ द्या, जणू प्रत्येक बोट थोडे वाढते आहे. हे साधारण एक मिनिट करा आणि मग कामाला लागा. इथे एक चूक बहुतेक जण करतात, ती सांगून ठेवते. मुडपू नयेत म्हणून ते बोटे वर उचलून ताठ धरतात. त्याने खालचा स्नायू सुटतो आणि वरचा आवळतो, म्हणजे एका हातातले ओझे दुसऱ्या हातात घेतले एवढेच होते. बोटे ना खाली, ना वर. ती नुसती जमिनीवर पडलेली असावीत, ओट्यावर विसरलेल्या भेंड्यांसारखी.

अर्ध्या मिनिटात ती पुन्हा मुडपतात याची तुम्हाला फार खंत वाटते असे पत्रावरून दिसते. ते अपयश मानू नका. पूर्वी तुम्हाला तीन तासांनीही कळत नव्हते, आता अर्ध्या मिनिटात कळते. ही प्रगतीच आहे.

रात्रीसाठी वेगळा उपाय. शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात स्नायू सैल करण्याची एक रीत घालून दिली. तिचा गाभा असा, की ज्याला आवळणे ओळखता येत नाही त्याला सोडणेही येत नाही. म्हणून आधी मुद्दाम आवळून त्याची चव घ्यायची. अंथरुणावर उताणे पडा, गुडघ्यांखाली गुंडाळलेला टॉवेल घ्या. फक्त उजव्या पायाची बोटे निम्म्या जोराने मुडपा, पाच सेकंद थांबा, आणि श्वास सोडताना एकदम सोडून द्या. मग वीस-तीस सेकंद काहीही न करता दोन पायांतला फरक पाहत राहा. असे तीनदा, नंतर डावा पाय. पूर्ण जोर लावू नका, तळव्यात गोळा येतो आणि झोप उडते. पुढे पुढे आवळण्याचा जोर कमी करत न्या; निम्म्यावरून पाव, पावावरून नुसती आवळल्याची चाहूल. आपल्याकडे शवासन शिकवताना बरेच शिक्षक "पाय सैल सोडा" एवढे म्हणून पुढे पोटाकडे जातात. तुमच्यासारखीला तेवढे पुरत नाही, पाय सैल आहेत असेच तिला वाटत असते.

घरात काशाची वाटी असेल तर ती काढा. तिने अंगातली उष्णता निघते या समजुतीविषयी मी काही म्हणणार नाही, पण तूप लावून तळव्यावर वाटी फिरू लागली की बोटे आवळलेली आहेत हे विनासायास कळते, आणि दुसऱ्याच्या हातात पाय दिल्यावर ती सोडावीही लागतात. एरवी दूरदर्शनसमोर बसल्या बसल्या हाताची बोटे पायाच्या बोटांच्या बेचक्यांत घालून दोन मिनिटे पाऊल सावकाश गोल फिरवा. सुरुवातीला करंगळीच्या बेचक्यात हाताचे बोट शिरणारच नाही, तिथे जबरदस्ती करू नका.

किती दिवस लागतील? "एकवीस दिवसांत सवय जाते" हे वाक्य सगळीकडे फिरत असते, त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेल्या आणि २०१० साली छापल्या गेलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत निघाला. तो अभ्यास खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या सवयींचा होता, बोटांचा नव्हे, तरी अदमास यावा म्हणून सांगितले. नवी चप्पल घ्याल ती तीन महिन्यांनी उघडून पाहा. खळगे उथळ असतील तर पाट आणि टाच यांनी काम केले असे समजा.

प्रश्न : वय ६२. एसटीतून चालक म्हणून निवृत्त. गेले पाच-सहा महिने सकाळी उठून चालू लागलो की उजव्या पायाची बोटे आपोआप आत वळतात, अंगठा मात्र उलट वर उठतो आणि पाऊल आतल्या अंगाला कलते. मी सोडायचा प्रयत्न करतो, सुटत नाहीत. अर्ध्या-पाऊण तासाने मोकळी होतात. मुलगी म्हणते की चालताना माझा उजवा हातही हलत नाही. पूर्वी क्लचवर आणि ब्रेकवर पाय ठेवून ठेवून ही सवय लागली असेल का? तेल लावून चोळतो, गुण नाही.

उत्तर : ही सवय नाही, आणि तिला सवय समजून घरी व्यायाम करत बसू नये असे मी स्पष्टपणे सांगते. वरच्या पत्रातील बाईंची बोटे लक्ष गेले की सुटतात, तुमची सुटत नाहीत; त्यांचे दोन्ही पाय सारखे आहेत, तुमचा एकच पाय वळतो; आणि त्यात हात न हलण्याची गोष्ट मुलीने फार अचूक टिपली आहे. चोळणे थांबवा आणि मेंदू व मज्जासंस्थेच्या डॉक्टरांची, म्हणजे न्यूरॉलॉजिस्टची, वेळ घ्या. स्नायू इच्छेविरुद्ध आवळून राहण्याला डिस्टोनिया म्हणतात. त्याची कारणे अनेक आहेत. कंपवात हे त्यांपैकी एक आहे, आणि कंपवातात हात थरथरलाच पाहिजे असे नाही, एखाद्याची सुरुवात पायाच्या अशा वळण्यानेही होते. तुम्हाला तेच आहे असे मी पत्रावरून म्हणणार नाही, म्हणता येतही नाही. परंतु जे काही आहे त्यावर गोळ्या आहेत, आवळणाऱ्या स्नायूत द्यायची इंजेक्शने आहेत, आणि लवकर गेलात तर त्यांचा उपयोग अधिक.

जाताना दोन गोष्टी बरोबर न्या. दवाखान्यात पोहोचेपर्यंत दुपार होईल, बोटे मोकळी झालेली असतील, आणि डॉक्टरांना सरळ पाऊल दिसेल. म्हणून मुलीला सांगून सकाळी उठल्याबरोबर, चहाच्या आधी, मोबाइलवर चालतानाचे चित्रण करून ठेवा. एकदा पावलाचे जवळून आणि एकदा दोन्ही हात दिसतील असे लांबून. दुसरी गोष्ट औषधांची पिशवी. चक्कर, उलटी किंवा झोपेच्या तक्रारीसाठी दीर्घकाळ चालू असलेल्या काही गोळ्यांनीही कंपवातासारखी लक्षणे येतात, तेव्हा सध्या घेत असलेली प्रत्येक गोळी वेष्टनासह दाखवा. मनाने मात्र कोणतीही बंद करू नका. तोवर सकाळी पलंगावरून उतरताना भिंतीचा किंवा खुर्चीचा आधार घ्या, पाय वळलेला असताना न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर जाऊ नका.

प्रश्न : माझा मुलगा तेरा महिन्यांचा आहे. नुकताच उभा राहून दोन-चार पावले टाकू लागला आहे, पण पायाची बोटे मुडपून जमिनीत रोवतो. सासूबाई म्हणतात बूट घाला, जाऊबाई वॉकर आणून देणार आहेत. काय करू?

उत्तर : दोन्ही नको. नवे चालणारे मूल बोटांनी जमीन पकडते ते तोल सांभाळण्यासाठी, आणि ते योग्यच आहे. जन्मतः बाळाच्या तळव्याला बोट लावले की ते बोटे मुडपते, ती प्रतिक्षिप्त क्रिया साधारण वर्षभरात मावळते. त्यानंतरचे हे पकडणे शिकण्याचा भाग आहे आणि चाल स्थिर झाली की कमी होते. घरात त्याला अनवाणी चालू द्या, फक्त फरशी कोरडी ठेवा. बसायची झोळी असलेल्या गोल वॉकरमध्ये मूल लोंबकळते आणि चवड्यांनी ढकलत पळते, त्याने चालणे शिकत नाही आणि जिन्यावरून पडण्याचे अपघात होतात. कॅनडाने तर २००४ सालीच असे वॉकर विकण्यावर बंदी घातली. त्यापेक्षा घरात कोणाच्या माळ्यावर जुना लाकडी पांगुळगाडा असेल तर तो काढा. त्यात मूल स्वतःच्या पायांवर, टाच टेकवून उभे असते. चाके फार सैल असतील तर गाडा पुढे पळेल आणि मूल तोंडावर येईल, म्हणून पहिले काही दिवस एक हात गाड्यावर तुमचा असू द्या.